न विचारलेला प्रश्न

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी क्रमांक हातात आल्याचा आनंद पहिल्या चार ओळींत, आणि उरलेली दोन पानं उद्विग्नतेची. आचारसंहितेच्या कागदावर सही घेतली, परवान्याच्या नूतनीकरणासाठी शिक्षणाचे तास दाखवावे लागणार आहेत, आणि इकडे क्लिनिकच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं की कंबरदुखीच्या प्रत्येक पेशंटला दहा सिटिंगचं पॅकेज द्यायचं, प्रत्येक सिटिंगला आयएफटी (इंटरफेरेन्शियल, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाचा उपचार) आणि अल्ट्रासाउंड (तपासणीचा नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करण्याचा). मग त्या नोंदणीला अर्थ काय, असं तू विचारतेस.

पॅकेजबद्दल शेवटी लिहिते. आधी माझी एक गोष्ट ऐक. वर्गात तुम्हाला ती सांगायला हवी होती, पण माझा धीर झाला नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पन्नाशीचे एक गृहस्थ कंबरदुखी घेऊन आले, कळ दोन्ही पायांत जायची. दोन्ही पायांत म्हटल्यावर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. रिफ्लेक्स पाहिले, पाय सरळ उचलून पाहिला, बोटांची ताकद पाहिली. सगळं नीट लिहून ठेवलं. लघवीला त्रास होतो का, मांड्यांच्या मधला, खोगिरावर टेकतो तो भाग बधिर वाटतो का, हे मात्र विचारलं नाही. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, पडद्यापलीकडे त्यांचा मुलगा उभा. प्रश्न ओठांपर्यंत आला आणि मी गिळून टाकला. चार दिवस ट्रॅक्शन दिलं, म्हणजे कंबरेला ताण दिला. पाचव्या दिवशी त्यांनीच खालच्या आवाजात सांगितलं, 'कालपासून लघवी लागलेलीच कळत नाही.' तासाभरात त्यांना इमर्जन्सीत नेलं, एमआरआय झाला, रात्रीच शस्त्रक्रिया झाली. पाय सुधारले. लघवीवरचा ताबा मात्र पूर्ण परत आला नाही.

हाच आजार, कॉडा इक्विना सिंड्रोम, मला परीक्षेत आला होता आणि मी उत्तर अचूक लिहिलं होतं. मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेला की काय होतं, किती घाई करावी लागते, सगळं पाठ होतं. पण परक्या माणसाच्या डोळ्यांत बघून तो प्रश्न मोठ्याने विचारायचा सराव माझ्याकडून कुणी करून घेतला नव्हता. शिकवायला लागल्यावर मी तुम्हाला जोड्या करून एकमेकांना ते प्रश्न विचारायला लावायचे, तुम्ही हसायचात, आणि मी रागवायचे. राग कशाचा होता ते आता तुला कळेल.

मी आज असं करते: नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवते. मग म्हणते, 'कंबरेतल्या नसा लघवी आणि संडासचंही काम बघतात, म्हणून मी हे सगळ्यांनाच विचारते.' कारण आधी सांगितलं की बहुतेकांचा संकोच गळून पडतो. त्या दिवशी सगळं ठीक असलं, तरी पुढे काय झालं तर माझी वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठायची, हे कागदावर लिहून हातात देते.

त्या घटनेतली आणखी एक गोष्ट. एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पहिल्या दिवसाच्या नोंदीत एक ओळ घाल, 'लघवीची तक्रार नाही' म्हणून. त्यांना मला वाचवायचं होतं, यात शंका नाही. पेन माझ्या हातात होतं आणि त्या ओळीपुरती जागाही होती. मी जुन्या नोंदीला हात लावला नाही. खाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ घालून लिहिलं की पहिल्या तपासणीत हा प्रश्न विचारला गेला नव्हता. मग वॉर्डात जाऊन त्या पेशंटनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'तुम्ही विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं का, मलाही माहीत नाही.' त्या वाक्याने माझी चूक धुऊन निघत नाही. पण ती ओळ मी घातली असती, तर त्यांच्यासमोर मला उभंही राहता आलं नसतं.

आता तुझा नोंदणीचा प्रश्न. आपल्या व्यवसायाने स्वतःवर नियम कधी घालून घेतले, ठाऊक आहे? १८९४ साली ब्रिटनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याचं तिथल्या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. त्याच वर्षी चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. रोझालिंड पॅजेट त्यांतल्या एक. डॉक्टरच्या सांगण्यावाचून उपचार नाही, सर्वसाधारण वृत्तपत्रांत जाहिरात नाही, पेशंटला औषधं विकायची नाहीत, असे त्यांचे नियम होते. याच संस्थेची पुढे चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झाली. कायद्याने भाग पाडण्याआधी त्या बायकांनी हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. बंद दाराआड, अर्धवट कपड्यांत पडलेल्या माणसाला समोरच्या हातांची पारख करता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. उघड्या अंगाला हात लावण्याआधी सांगणं, विचारणं, लागेल तेवढाच भाग उघडा ठेवणं, हवं तर सोबतीला कुणी बोलावणं, हे सगळं तिथूनच येतं. त्यात तू कमी पडणार नाहीस, तुझे हात मी पाहिले आहेत.

त्यांतला डॉक्टरच्या आदेशाचा नियम पुढे गळाला. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने १९७६ साली तो आपल्या आचारसंहितेतून काढला आणि नंतर कितीतरी देशांत पेशंट थेट आपल्याकडे येऊ लागले. हे स्वातंत्र्य आपण मागून घेतलं. म्हणजे अशा पेशंटला तो अवघड प्रश्न आपल्याआधी कुणी विचारलेला नसतो. माझ्या त्या पेशंटला तर डॉक्टरांनी पाठवलं होतं, आणि मी मनाशी धरून चालले की त्यांनी विचारलं असेल. परवान्यावर तुझं नाव आहे, तर असं धरून चालण्याची मुभा तुला नाही.

शिक्षणाच्या तासांविषयी: प्रमाणपत्रासाठी मागच्या बाकावर बसून ये, परवाना टिकेल. पण ज्या पेशंटपुढे तू अडलीस, त्याच्याच विषयाचं सत्र निवड.

आणि पॅकेज. कुठले उपचार द्यावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की अल्ट्रासाउंड, टेन्स (हाही विजेच्या प्रवाहाचाच उपचार), इंटरफेरेन्शियल, ट्रॅक्शन देऊ नये. व्यायाम आणि हालचाल सुरू ठेवण्यावर भर द्यावा. मी चार दिवस ट्रॅक्शन दिलं होतं, तेव्हा हे लिहिताना मलाही टोचतं. पेशंटला तपासण्याआधीच दहा हा आकडा ठरला असेल, तर तो उपचाराचा आकडा नव्हे. मालकांशी भांडू नकोस. त्या सूचना छापून घेऊन जा आणि दोन गोष्टी माग: पहिल्या भेटीला पूर्ण अर्धा तास, आणि पुढच्या भेटी किती हे तपासणीनंतर ठरवण्याचा अधिकार. नाही म्हणाले, तर तुला नोकरी बदलावी लागेल. नोकरीची गरज मला कळते, हे हलक्या मनाने लिहीत नाही. पण न केलेल्या तपासणीखाली सही करू नकोस, एक दिवसही नाही.

सोमवारी बोलणार आहेस ना त्यांच्याशी? काय म्हणाले ते रात्री कळव, मी जागी असेन.

तुझी,
मॅडम