'प्रीती' आणि 'प्रेम': ख्रिस्ती वापर

प्रश्न असा आहे: मराठी बायबलमध्ये आईबाप, मित्र, नवरा-बायको या सगळ्यांच्या नात्याला 'प्रीती' हा एकच शब्द का? नवा करार (बायबलचा दुसरा भाग) ज्या भाषेत लिहिला गेला, त्या ग्रीकमध्ये प्रेमासाठी आगापे, फिलिया, स्टोर्गे असे वेगळे शब्द आहेत, मग मराठीत अर्थ निसटतो का?

फारसा नाही, असं माझं मत आहे. प्रीती, प्रेम आणि प्रिय हे तिन्ही शब्द संस्कृत 'प्री' या धातूचे. अर्थ संतोषवणे, आनंद देणे. आज बोलताना 'प्रेम' म्हटलं की आधी स्त्री-पुरुषांचं आकर्षण डोळ्यांपुढे येतं, आपण प्रेमात 'पडतो'. प्रीतीत कुणी पडत नाही, प्रीती करावी लागते. योहानाच्या शुभवर्तमानात (13:34) येशू 'एकमेकांवर प्रीती करावी' ही नवी आज्ञा देतो. आज्ञा कृतीची देता येते, भावनेची नाही. म्हणून मला हा शब्द इथे नेमका वाटतो.

आता ग्रीकबद्दल. आगापे म्हणजे ईश्वरी, फिलिया मैत्रीची, स्टोर्गे घरातली, ही वाटणी प्रवचनांत फार लोकप्रिय आहे, पण मूळ ग्रंथ ती पाळत नाही. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान 3:35 मध्ये आगापेच्या क्रियापदाने सांगितलंय, आणि तीच गोष्ट 5:20 मध्ये फिलियाच्या. प्रेषित पौलाचा सहकारी देमास 'ऐहिक सुख' प्रिय मानून त्याला सोडून गेला, तिथेही क्रियापद आगापेचंच! स्टोर्गे हे नाम नव्या करारात सुटं येतच नाही. रोमकरांस पत्रात (12:10) ते फिलियाशी जोडून आलंय, तेही मंडळीतल्या भावाबहिणींसाठी. म्हणजे रक्ताच्या नात्यातली माया पौल सहविश्वासूंना लावतो. विवाहाचंही तेच. इफिसकरांस पत्रात (5:25) पतीने करायची प्रीती आगापेची, तर तीताला लिहिलेल्या पत्रात (2:4) पत्नीचं पतीवरचं आणि मुलांवरचं प्रेम फिलियाच्या कुळातल्या विशेषणांनी येतं. नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला द्यावं आणि दोघं एकमेकांचे मित्रही असावेत, यात मला काही विसंगत दिसत नाही. उलट दोन्ही असल्याशिवाय संसार कसा चालायचा?

शब्दापेक्षा त्याच्यासोबत येणारी क्रियापदं पाहावीत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रीती 'अपकार स्मरत नाही' असं आहे. ग्रीक क्रियापद लोगिझोमाई, हिशेबाच्या वहीतलं: मोजणे, खात्यावर मांडणे. समोरच्याची चूक त्याच्या नावे मांडून ठेवायची नाही, असा रोखठोक अर्थ. 'स्मरत नाही'मध्ये तो थोडा सौम्य झालाय. मी 'अपकाराचा हिशेब ठेवत नाही' असं म्हटलं असतं. भावंडांच्या अबोल्यात किंवा नवरा-बायकोच्या भांडणात जुनी यादी कशी बाहेर निघते ते आठवा, म्हणजे पौलाने हेच क्रियापद का घेतलं ते कळेल.

वचन उद्धृत करताना 'प्रीती' तशीच ठेवावी. स्वतःच्या बोलण्यात 'प्रेम' म्हणायला काहीच हरकत नाही. लिहिताना सुटा शब्द दीर्घ, 'प्रीती'. समासात मात्र ऱ्हस्व, 'प्रीतिभोजन', म्हणजे विश्वासूंचं एकत्र जेवण. यहूदाच्या पत्रात (12) या सहभोजनाला ग्रीक शब्द आगापेचंच अनेकवचन आहे.