बोटीवर बोट ठेव

ठाणे, ऑगस्ट २०२४

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. रात्री साडेअकराला पाठवलास आणि खाली लिहिलंस, "मावशी, डोकं बधिर झालंय, आता तूच सांग कुठली बोट." सकाळी चहा घेता घेता सगळा वाचून काढला. दोन रकाने, बेचाळीस ओळी. एकीकडे गेंटिंग ड्रीम, दुसरीकडे अँथम ऑफ द सीज. घसरगुंड्या किती, रेस्टॉरंट किती, बंपर कार आहेत का, वायफायला काय पडतं, माणशी एकूण खर्च किती. मेहनत दिसतेय. पण बेचाळीस ओळींत आजींची एकही ओळ नाही. आजींना पंचाहत्तरावं लागतंय म्हणून डिसेंबरात सगळ्यांनी सिंगापूरहून क्रूझला जायचं, हे पाडव्याला तूच मला सांगितलं होतंस ना? मग ज्यांच्यासाठी चाललात त्या माणसाची ओळ कुठे आहे?

तुझा गोंधळ बोटींमुळे झालेला नाही. बोट कुणाच्या पायांनी मोजायची हे ठरवलं नाहीस, म्हणून झालाय. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायांनी मोज. वीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून माणसं फिरवली, त्यातून मला कळलेली ही एकच गोष्ट आहे, आणि पत्र संपेपर्यंत मी तीच सांगणार आहे.

आधी आकडे, कारण तुला ते आवडतात. या दोन्ही बोटी एकाच कारखान्यातल्या, जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्टमधल्या. अँथम २०१५ सालची, ड्रीम २०१६ सालची. तो कारखाना समुद्रापासून आत, एम्स नदीच्या काठी आहे. एवढाली धुडं तिथून नदीतून उलटी, शेपूट पुढे करून समुद्राकडे नेतात. या डिसेंबरात दोन्ही सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरूनच सुटणार आहेत. तेव्हा जाहिराती दाखवतात तेवढं जमीन-अस्मानाचं अंतर दोघींत नाही.

तू टनेजच्या ओळीत 'वजन' लिहिलंयस, ते खोड. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, बोटीच्या पोटातल्या जागेचं माप आहे. अँथमचं १,६८,६६६, ड्रीमचं दीड लाखाच्या थोडं वर. त्याला प्रवाशांनी भाग. अँथमवर खोलीत दोघं धरून ४,१८०, म्हणजे माणशी चाळीस. ड्रीमवर ३,३५२, म्हणजे माणशी पंचेचाळीस. मोठ्या बोटीत माणसाच्या वाट्याला जागा कमी, हे तुझ्या तक्त्यात आलंच नाही. शिवाय हा हिशेब खोलीत दोघं धरून. डिसेंबरात सिंगापूरच्या शाळांना सुट्टी असते, खोल्यांमधले वरचे बंक उघडले जातात, आणि अँथमवर माणसं ४,९०० पर्यंत जाऊ शकतात. ही सगळी माणसं आठ ते साडेनऊच्या दरम्यान नाश्त्याला निघतात. त्या वेळी लिफ्टसमोर काठी धरून कोण उभं राहणार आहे? तू नाही. तू जिन्याने जाशील.

आता डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघड. प्रत्येक बोटीचा असतो, फुकट असतो, आणि बुकिंग करणारी दहातली नऊ माणसं तो उघडत नाहीत. ज्या खोलीचा भाव तुला सांगितलाय तिच्यावर बोट ठेव. मग ते बोट लिफ्टपर्यंत ने, लिफ्टमधून बफेपर्यंत ने, बफेतून परत आण. हाच आजींचा दिवस, आणि असा तीन वेळा.

अँथमची लांबी ३४८ मीटर, आणि तिला लिफ्टचे गट दोनच, एक पुढे, एक मागे. मधे नाही. बोट हलते तेव्हा मधल्या खोल्या कमी हलतात, म्हणून जो तो सांगतो 'मिडशिप घ्या'. तूही तसंच लिहिलंयस, हिरव्या रंगात. पण अँथमवर अगदी मधली खोली म्हणजे दोन्हीकडच्या लिफ्ट सारख्याच लांब. विंडजॅमर, म्हणजे त्यांचा बफे, चौदाव्या डेकवर मागच्या टोकाला. आजी मिनिटाला तीस मीटर चालत असतील आणि बफे दीडशे मीटरवर असेल, तर जायला पाच मिनिटं, यायला पाच, लिफ्टची वाट वेगळी. डिसेंबरात मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, दोन्हीकडून आडोसा असतो. तिथे पोटात ढवळण्याची भीती कमी आणि पाय दुखण्याची जास्त. तेव्हा अँथम घेणार असशील तर मागच्या लिफ्टजवळची खोली घे, मधली नको. आणि थेट बफेच्या खालच्या डेकवर तर नकोच, पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.

मी एवढी मागे का लागलेय, ते सांगते. हे तुझ्या आईलाही पुरतं ठाऊक नाही.

२०१४ साली मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भूमध्य समुद्रातल्या एका क्रूझवर नेलं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावी जायचे. बोट जयगडला थांबायची ती खोल पाण्यात, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून किनारा गाठायचा. कठड्याला धरून उभं राहायचं, तोंडावर खारं पाणी घ्यायचं, हे ते आम्हाला कितीदा सांगायचे. माझ्यासमोर दोन बोटी होत्या, तुझ्यासारख्याच. मी मोठी घेतली. एकदाच नेणार तर मोठीच, असं मला वाटलं. बाल्कनीची खोली घेतली, अगदी पुढची, कारण बाल्कनी तिथेच शिल्लक होती. बफे अगदी मागे होता.

पहिल्या रात्री जेवून परत येताना दादा म्हणाले, "एकशे बारा दारं गं." त्यांनी कॉरिडॉरमधली दारं मोजली होती. मी हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले भूक नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर जागा धरून बसले होते, ते अर्धा तास आले नाहीत. खाली जाऊन पाहिलं तर कॉरिडॉरच्या मध्यावर हाउसकीपिंगच्या ट्रॉलीला टेकून उभे होते, हात ट्रॉलीवरच्या घडी केलेल्या टॉवेलांवर. साफसफाई करणारा मुलगा रत्नागिरीकडचा होता, त्याने कुठूनतरी स्टूल आणून दिलं. त्या दिवशी मी खोलीत बॅग उघडली, तर घरून नेलेला दोन किलो पोह्यांचा चिवडा संपला होता. दोन दिवस माणूस त्यावर राहिला आणि मला बोलला नाही, कारण मुलीने पैसे भरले होते.

चौथ्या दिवशी एका बंदरात बोट धक्क्याला लागली नाही. छोट्या बोटीने किनाऱ्यावर न्यायचे. दादा म्हणाले, "अरे, हा तर पडाव!" इतके खूश झाले. पण दाराशी ती बोट हातभर वर-खाली होत होती, आणि गुडघ्याने साथ दिली नाही. तिथून परत फिरले. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, बोट फार छान होती. दोन वर्षांनी गेले.

कुणी म्हणेल, व्हीलचेअर घ्यायची होती. विचारलं होतं मी, दादांनी नको म्हटलं, आणि ज्यांचे वडील त्या पिढीतले आहेत त्यांना त्या 'नको'चा अर्थ कळेल. मी पैशांकडे पाहिलं नव्हतं. वीस वर्षं परक्यांच्या आईवडिलांना लिफ्टजवळच्या खोल्या भांडून मिळवून दिल्या मी. स्वतःच्या वडिलांच्या वेळी मात्र नकाशा उघडला नाही, कारण मला वाटलं, मला बोटी कळतात. आपल्याला कळतं असं वाटलं की माणूस मोजायचं सोडतो. असो.

फुकेतचं म्हणूनच नीट बघ. तू ज्या चार रात्रींच्या फेरीवर खूण केलीयस तिच्यात पेनांग आणि फुकेत आहे. पेनांगला बोट स्वेटनहॅम पियरवर थेट लागते, उतरलं की जॉर्ज टाउन समोरच. आजी रिक्षात बसून तासभर फिरून येतील. फुकेतला मात्र मोठ्या बोटी पातोंगसमोर नांगर टाकतात आणि पडाव. त्या दिवशी आजींना घेऊन उतरायचं की बोटीवर शांतपणे बसायचं, हे आजींना आत्ता विचार, तिथे दाराशी नको.

अजून एक, आणि हे कुठल्याच तक्त्यात नसतं. २०१२ च्या जानेवारीत इटलीत कोस्टा काँकोर्डिया बुडाली, बत्तीस माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच संकटात कुठे जमायचं याची कवायत होते. ती जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, तुमच्या खोलीच्या कार्डावर लिहिलेली असते. खऱ्या संकटात लिफ्ट वापरायची नसते, जिने उतरायचे असतात. बाराव्या डेकवरच्या सुंदर बाल्कनीतून खाली त्या जागेपर्यंत आजी जिन्याने कशा येतील, याचा विचार कर. मला खालच्या डेकवरची बिनबाल्कनीची खोली या एका कारणासाठी आवडते. तू नाक मुरडशील. मुरड. पण मोज.

बाकीचं पटकन. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, कारण तुम्ही तिथून बाहेर पडून परत तिथेच येणार. माणशी रोजची सर्व्हिस चार्जची रक्कम आणि बंदराचे कर भाड्यात धरलेत का ते लेखी विचार, तुझा 'एकूण खर्च' मला तसा एकूण वाटत नाही. जेवणाचं म्हणशील तर ड्रीमवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण नेमाने असतं, आजींचं कांदा-लसणाचं पथ्य सांभाळलं जाईल. अँथमवर आधी कळवून ठेवावं लागेल.

अँथमच्या नॉर्थ स्टारवरून, त्या काचेच्या गोळ्यातून, समुद्र वरून दिसतो. तुझ्या भाच्याला ते हवंय, समजतं मला. त्याच्या पायात अजून सत्तर वर्षं आहेत. त्याला पुढच्या खेपेला ने.

माझं मत विचारलंस तर ड्रीम. आठव्या डेकवर उघड्या हवेत फिरायला जागा आहे, आजी कठड्याशी खुर्ची टाकून बसतील. पण दोन रात्रींची फेरी घेऊ नकोस. बोट समजायलाच एक दिवस जातो आणि हळू चालणाऱ्याला दोन. तीन रात्रींच्या खाली उतरू नकोस, मग थोडं महाग पडलं तरी चालेल. लिडो बफे सोळाव्या डेकवर आहे, तिथपासून मोजत ये आणि खोली ठरव. उलटं करू नकोस, खोली आधी ठरवून बफे शोधत बसू नकोस. मी तेच केलं होतं.

रविवारी आजींबरोबर गणपतीच्या देवळापर्यंत चालत जा. हात धरू नकोस, बोलत राहा, म्हणजे त्या त्यांच्या चालीने चालतील. घड्याळ खिशात ठेव, त्यांना दिसू देऊ नकोस. गेटपासून देवळाच्या पायरीपर्यंत किती मिनिटं लागली ते मला कळव, आणि दोन्ही बोटींवरच्या खोल्यांचे नंबर पाठव. मी डेक प्लॅन छापून ठेवलेत, दोन्ही टेबलावर पसरले आहेत.

तुझी,
मावशी