ते जाऊन वर्ष झालं तरी मी त्यांच्याशी बोलते, हे नॉर्मल आहे का?

"मॅडम, ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, मी अजून रात्री झोपताना ह्यांच्याशी बोलते, दिवसभराचं सगळं सांगते. लेक म्हणते आई तू अडकलीयेस. वेड लागलंय का मला?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की मोजणं सोडून दिलंय. ही गोष्ट त्यातल्याच एका काकूंची, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. काका तरुणपणी देश सोडून परदेशात गेले, मागून काकू गेल्या, लेक तिकडेच जन्मली. आमची सेशन्स व्हिडिओ कॉलवर व्हायची.

आधी मी साध्या गोष्टी विचारल्या. झोप, जेवण, घराबाहेर पडणं, जगावंसं वाटतं का. (हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही आणि उत्तर 'नाही' आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत उभी करायची.) काकू जेवत होत्या, शेजारणीबरोबर फिरायला जात होत्या, रडणं यायचं आणि ओसरायचं. दीर्घकाळ टिकणाऱ्या दुःखाचं निदान असतं, नाही असं नाही, आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) त्यासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे आणि डीएसएमच्या (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका) २०२२ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी १२ महिन्यांची, पण नुसते महिने मोजून ते ठरत नाही, जवळजवळ रोजच तीव्र ओढ आणि त्यापायी जगण्याचे व्यवहारच ठप्प, असं असावं लागतं. फोटोशी बोलणं म्हणजे आजार नव्हे. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं तरच पुढे जाता येतं ही जुनी समजूत, क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्येच तिला आव्हान दिलं, नातं संपत नाही, रूप बदलून चालू राहतं असं त्यांचं म्हणणं. मला ते रोज दिसतं.

काकूंची खरी अडचण वेगळीच निघाली. बँक, विमा, सरकारी फॉर्म सगळं काका बघायचे, तिथल्या भाषेत काकूंचा हात कच्चा. म्हणजे नवरा गेला आणि त्याच्याबरोबर दुभाषाही गेला! पत्र आलं की पोटात गोळा. मग रात्री त्या काकांना काय सांगायच्या, तर "आज अमुक पत्र आलंय, काय करू?"

आणि लेक? ती आईची तक्रार घेऊन आली आणि स्वतःच रडली. वर्षश्राद्धाला बाबांबद्दल चार शब्द बोलायचे होते तर कष्ट केले, घर घेतलं, मला शिकवलं, इथेच गाडी थांबली. मी विचारलं, बाबा कशावर हसायचे गं? ती गप्प. म्हणाली, त्यांच्या भावाशी फोनवर खूप हसायचे, पण त्यांच्या भाषेत, मला अर्ध कळायचंच नाही. परदेशी गेलेल्या बापांचं हे फार होतं, मुलांच्या वाट्याला त्यांचा नुसता त्याग येतो आणि त्यागाच्या पुतळ्यावर प्रेम करणं अवघड असतं हो.

म्हणून दोघींना एकच काम दिलं, रोज बाबांची एक वस्तू काढायची, आईने सांगायचं, लेकीने रेकॉर्ड करायचं. 'बाबांचं आयुष्य सांग' असं विचारायचं नाही, त्याला कुणालाच उत्तर देता येत नाही. 'हे कुठून आलं?' एवढंच.

चौथ्या दिवशी एक छोटी वही निघाली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे देवनागरीत उच्चार. 'नाइफ' पुढे लिहिलेलं, "क लिहायचा, म्हणायचा नाही." आणि 'वेन्झडे' पाच वेळा, एकाखाली एक. लेकीचा चेहरा उतरला. दहा वर्षांची असताना तिने मैत्रिणींसमोर बाबांना त्याच शब्दावरून टोकलं होतं, वेडनेसडे नाही हो बाबा. मला वाटलं आता काकू म्हणतील, अगं त्यांना काही वाटलं नव्हतं. तसं नाही म्हणाल्या. "लागलं होतं त्यांना. दोन दिवस धड बोलले नाहीत. मग ही वही आणली. आणि नंतर तुला चिडवायला मुद्दाम चुकीचं म्हणायचे, तुझ्या लक्षात नाही आलं कधी?" लेक रडता रडता हसायला लागली. मी काहीच बोलले नाही, समुपदेशकाने कुठे तोंड बंद ठेवायचं हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

काकू अजून रात्री बोलतात. मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, एक फॉर्म स्वतःच्या हाताने भरला, नाव, पत्ता, सगळं, फक्त 'विवाहित की विधवा' त्या चौकोनापाशी पेन थांबलं, मग लेकीला हाक मारली. ती शेजारी येऊन बसली आणि काकूंनी खूण केली.