कोयता गँगमधील अल्पवयीन मुलांना सरळ तुरुंगात का टाकत नाहीत?

आपला प्रश्न रागातून आला आहे आणि तो राग मी समजू शकतो. कायद्याचे उत्तर आधी देतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलावर किमान ७ वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याचा खटला प्रौढांप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. रात्री कोयते नाचवत गाड्या फोडणे सहसा या वर्गात बसत नाही, म्हणून ती मुले निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना अल्पवयीन मुलांना जिथे ठेवतात तिथे) जातात किंवा जामिनावर घरी येतात. पण त्याच कायद्याचे कलम ८३ कोणी वाचत नाही. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला त्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. माझ्या मते प्रश्न तिथून विचारायला हवा.

मी पुण्याच्या हडपसर भागातील एका शाळेत २९ वर्षे लिपिक होतो. नववीतला एक मुलगा (नाव सांगत नाही, कायद्यानेही सांगता येत नाही) मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या दारात उभा राहून विचारायचा, "सर, काही काम आहे का?" मी त्याला कोऱ्या उत्तरपत्रिकांवर शिक्के मारायला द्यायचो. शाई कधी फाकली नाही, प्रत्येक शिक्का कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर असायचा. शाळा सुटल्यावरही तो रेंगाळायचा आणि शिपाईमामांबरोबर सगळ्या खिडक्या लावूनच निघायचा. घरी जावेसे वाटत नाही असे त्याने कधी म्हटले नाही, पण साडेपाच वाजत आले की त्याचा हात मंद व्हायचा, हे मला माझ्या खुर्चीतून दिसत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो यायचा थांबला. फाटकाबाहेर मोटारसायकलवर विशी-पंचविशीचे दोघे त्याची वाट बघत बसू लागले. त्याच्याकडे नवा मोबाइल आला. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करायला तो आला तेव्हा उजव्या तळव्यावर बोटभर लांबीची ताजी जखम होती. विचारल्यावर म्हणाला, "पत्रा लागला, सर," आणि मूठ मिटून घेतली.

मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्याच्या वर्गशिक्षकांना हे सगळे सांगितले. चार जणांसमोर ते म्हणाले, "तुमचे काम दाखले लिहिण्याचे आहे. मुले आम्ही बघतो." मी गप्प बसलो. आजही त्या वाक्याला मनातल्या मनात उत्तर देत असतो, म्हणूनच आपला प्रश्न वाचून लिहायला बसलो. मुले त्यांनी बघितली नाहीत. त्यांनी दहावीचा निकाल बघितला. वार्षिक परीक्षेनंतर त्या मुलाच्या आईला बोलावून दाखला घ्यायला लावले आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देण्याचा सल्ला दिला. दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचे कारण, पालकांची विनंती. वर्तणूक, चांगली.

पुढच्या वर्षी गाड्या फोडणाऱ्या टोळक्यात तो सापडला. त्यानंतर आई शाळेत आली. बाई बीडकडची, पूर्वी ऊसतोडीला जाणारी. म्हणाली, "साहेब, मुकादमाकडून उचल घ्यायचो तेव्हा आम्हा नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणायचे. पोराच्या हातात तो येऊ नये म्हणून तर पुण्याला आलो."

पोलिसांनी २०२३ मध्ये कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड घ्यायला सांगितले, ते ठीकच केले. त्याच वर्षी २७ जूनला सदाशिव पेठेत भर रस्त्यात तरुणीवर कोयता उगारणाऱ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी धावून जाऊन अडवले, त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. परंतु कोयता उगारला जाईपर्यंत थांबायचे कशाला? शाळेत काय चालले आहे हे शिपायाला, लिपिकाला, रिक्षावाल्या काकांना आणि फाटकासमोरच्या वडापाववाल्याला शिक्षकांच्या आधी कळते. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा या माणसांना बसवून नुसते विचारावे, कोण यायचा थांबला, कोणासाठी बाहेर कोण थांबते. आपल्या सोसायटीत किंवा वस्तीत असा मुलगा असेल तर आपणही १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करू शकता. मी त्या वेळी केला नाही. लिपिकाने केला तर काय म्हणतील, याचीच मला भीती होती.

हेही सांगायला हवे की गप्प राहणारा प्रत्येक मुलगा त्या वाटेला जात नाही, आणि त्याच्याकडे संशयाने बघणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे. ज्याची हप्त्यावर घेतलेली रिक्षा फुटली, त्याला ही कहाणी सांगून त्याचे नुकसान भरत नाही. शिक्षा नको असे मी म्हणत नाही.

निरीक्षणगृहाचा उपयोग होतो का, याचे उत्तर सगळ्यांच्या वतीने मी देऊ शकत नाही. या मुलाची आई दीड वर्षाने पुन्हा कार्यालयात आली होती. १७ नंबरचा फॉर्म भरायचा होता आणि मूळ दाखला हरवला होता. मी रजिस्टर काढले, दुय्यम प्रत लिहिली आणि शिक्का मारला. तो स्वतः फाटकाबाहेर उभा होता. आत ये म्हणून मी शिपाईमामांना पाठवले, पण तो आला नाही.