आंघोळीच्या तेलाला रंग देताना सुरुवातीला एवढे सांभाळा

आपण पहिल्यांदाच करत आहात, म्हणून सगळे बारकावे एकदम सांगत नाही. मिठाईत वापरले जाणारे रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात. ते तेलात मिसळत नाहीत आणि कितीही ढवळले तरी त्यांचे थेंब टिकल्यांसारखे बाटलीच्या तळाशी जाऊन बसतात. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच. चमकीची पूडही विरघळत नाही, खाली साचते.

त्यामुळे आरंभ रतनजोतीच्या (तेलाला लाल रंग देणारी अल्कानेट ही वनस्पती) मुळापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुळाचे कोरडे तुकडे तेलात घालून भांडे कोमट पाण्यात ठेवले की थोड्याच वेळात तुकड्यांभोवती लालसर धागे सुटू लागतात. हवी ती छटा आली की तेल कोरड्या फडक्यातून गाळावे. हळदीचा रंगही तेलात उतरतो, पण तो उजेडात विटतो आणि टॉवेलवर डाग सोडतो.

आणखी काही गोष्टी:

- तेल शक्यतो फिकट निवडा. पिवळ्या तेलात निळा रंग हिरवट दिसतो.
- रंग बेताचाच ठेवा. बाटलीत गडद दिसणारे तेल अंगावर आणि टबावरही उतरते.
- मेणबत्तीचे रंग तेलात विरघळतात खरे, परंतु ते त्वचेसाठी नसतात.
- वापरण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून एक दिवस थांबा.

दोन रंगांचे मिश्रण सध्या राहू द्या. आधी एकाच रंगाची लहान बाटली करून पाहा.