जुन्या कपाटाचं गेम मशीन : रंग-पॉलिश बिघडलं तर

जुन्या फर्निचरमधून आर्केड कॅबिनेट, म्हणजे गेम पार्लरमधल्यासारखं उभं गेम मशीन, करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत सांगाडा आणि वायरिंगबद्दल फारसं कुणी विचारत नाही. रड आहे ती शेवटच्या थराची.

प्रश्न : जुन्या सागवानी शोकेसच्या दोन फळ्या मशीनच्या बाजूंना वापरल्या आणि काळा ड्युको स्प्रे केला. एका फळीवर रंग सुरकुतला, दुसरीवर जागोजागी गोल खळगे पडले. वरून आणखी एक हात मारला तरी तेच.
— गोडोली, सातारा

दोन फळ्यांची दुखणी वेगळी आहेत. सुरकुतलेल्या फळीवर आधीचा ऑइल पेंट असणार. ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणि त्याचं थिनर जहाल. ते जुन्या ऑइल पेंटमध्ये मुरतं, खालचा थर फुगतो आणि वरच्या रंगाला घेऊन गोळा होतो. एनसीवर ऑइल पेंट चालतो, ऑइल पेंटवर एनसी चालत नाही. तुम्ही दुसरा हात मारलात म्हणजे आत आणखी थिनर घातलंत.

ड्युकोच हवा असेल तर लाकूड लागेपर्यंत सगळं काढावं लागेल. पेंट रिमूव्हर जाडसर लावा, १५-२० मिनिटं थांबा आणि पत्र्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडा. मग थिनरच्या बोळ्याने पुसून आधी १२०, नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासू नका. हातमोजे आणि मास्क हवेतच. एवढा खटाटोप नको असेल तर ड्युकोचा हट्ट सोडा. सुरकुतलेलं तेवढं खरवडा, उरलेला घट्ट थर ओला करून २२० नंबरच्या वॉटर पेपरने घासा आणि वाळल्यावर ऑइल प्रायमर व काळा सॅटिन ऑइल पेंट लावा. वाळायला वेळ घेतो, पण बोटांचे ठसे कमी दिसतात आणि गेम मशीनला तेच बरं.

खळगे पडतात ते मेणामुळे किंवा सिलिकॉनमुळे. शोकेस चमकवायला वर्षानुवर्षं मारलेलं स्प्रे पॉलिश लाकडात बसलेलं असतं. रंग तिथे पसरत नाही, बाजूला सरकतो, त्यामुळे थर वाढवून खळगा कधीच भरत नाही. रंग पूर्ण वाळू द्या. टर्पेंटाइनने पुसा, दर वेळी कापडाची स्वच्छ घडी घ्या, नाहीतर तेच मेण सगळीकडे फासलं जाईल. त्यानंतर ३२० ने खळग्यांच्या कडा सपाट करा. हा क्रम उलटा केलात तर घासताना मेण रेषांत दाबलं जातं. मग चपडा लाखेचे दोन पातळ हात द्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बाटली काही दिवस हलवायची नाही. मेण तळाशी बसतं, वरचं नितळ तेवढं ओतून घ्यायचं. हा थर खालची घाण खालीच कोंडून ठेवतो. त्यावर हलका ३२० आणि मग ड्युकोचे पातळ हात.

पुढच्या फळीला हात लावण्याआधी तिच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर एनसी. थिनरने सुरकुतलं तर ऑइल पेंट. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश.

प्रश्न : श्रावणात क्लिअर लॅकर मारला. दोन तासांत सगळी फळी धुकं पडल्यासारखी पांढरी झाली. घासून काढू का?
— वाई

नका घासू. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली दमट वाफ ओल्या लॅकरमध्ये अडकते. घाटाखालच्या पावसाळी हवेत हे होणारच. उघडीप असलेल्या दिवशी, दुपारी, त्याच थरावर रिटार्डर थिनरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा, अगदी हलका फवारा द्या. लॅकर पुन्हा मऊ होतो, ओल सुटते आणि पांढरेपणा जातो. ओघळ येईल इतकं मारू नका. पुढच्या हातात थिनरच्या ५ ते १० टक्के रिटार्डर मिसळा. आणि श्रावण आहे म्हणून सांगतो, त्या खोलीत दिवा किंवा उदबत्ती नको. थिनरची वाफ भडकते.

प्रश्न : प्लायची गोलाई जिगसॉने कापली. कडेला तीन हात रंग दिला तरी थर दिसतात आणि कड खरखरीत राहते.
— माधवनगर, सांगली

कड रंग पिते. आधी प्लायच्या पोकळ्या लाकडाच्या पुट्टीने भरा आणि वाळल्यावर १८० ने घासा. मग पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी समसमान करून कडेला चोळा. वाळलं की पुन्हा १८०, पुन्हा एक हात, शेवटी २२० आणि प्रायमर. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, त्यालाही हाच उपाय. कडेला टी-मोल्डिंग (खाचेत ठोकून बसवायची T आकाराची प्लास्टिक पट्टी) बसवणार असाल तर रंगाची इतकी काळजी नको. त्याची खाच साधारण १.६ मिमी रुंद लागते. ती सैल झाली असेल तर मोल्डिंगच्या काट्यावर वीतभर अंतराने हॉट ग्लूचे थेंब पुरतात.

प्रश्न : कंट्रोल पॅनेलवर ३० मिमी बटणांची भोकं मोठी झाली, कडेचा व्हिनियरही उडाला.
— विश्रामबाग, सांगली

भोकं बुजवून पुन्हा पाडत बसू नका. जुन्या भोकाच्या कडेवर बिट सरकतो आणि भोक आणखी बिघडतं. पॅनेलवर नवं ३ मिमी अ‍ॅक्रिलिक किंवा सनमायका लावलेला ४ मिमी प्लाय बसवा आणि बरोबर मापाची भोकं त्यातच पाडा. खालची भोकं उलट ३८-४० मिमीपर्यंत मोठी करा. दाबून बसणाऱ्या बटणांना पातळ पत्राच हवा असतो, जाड फळीत त्यांचे कान अडकत नाहीत. जॉयस्टिकच्या बोल्टची डोकीही या थराखाली लपतात. भोक पाडताना दर्शनी बाजूला मास्किंग टेप, खाली टाकाऊ फळी घट्ट क्लॅम्प करून, फोर्स्टनर बिट (मोठी, स्वच्छ कडेची भोकं पाडणारा) दर्शनी बाजूनेच आणि कमी वेगाने चालवा.

प्रश्न : स्क्रीनपुढच्या अ‍ॅक्रिलिकवर रंगाचे शिंतोडे उडाले म्हणून थिनरने पुसलं. केसासारख्या भेगा आल्या. पॉलिशने जातील?
— कराड

नाही. थिनरने अ‍ॅक्रिलिक आतूनच तडकतं. तुकडा बदला. नव्याचा संरक्षक कागद सगळं रंगकाम संपेपर्यंत काढू नका, नंतर फक्त साबणाचं पाणी आणि मऊ कापड.

प्रश्न : २०१९च्या पुरात भिजलेलं कपाट पडून आहे. कॅबिनेट होईल का?
— सांगली

पार्टिकल बोर्डचं असेल तर नाही. एकदा फुगलेला बोर्ड स्क्रू धरत नाही. प्लाय असेल तर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथले थर सुटलेत, तेवढा भाग कापून टाका. अख्खं सागवान असेल तर खुशाल घ्या. रंधा मारून दोन्ही बाजू उघड्या करा आणि आडव्या पट्ट्यांवर रचून सावलीत ठेवा. पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिश लावू नका, आत ओल राहिली तर फोड येतात. बुरशीचे काळे डाग रंध्याने गेले नाहीत तर ती फळी मागच्या बाजूला लावा.