इंग्रजी कच्चं असताना स्पेनमध्ये जाऊन स्पॅनिश शिकणं जमेल का? तिथला दिवस कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की शाळा खानापूर तालुक्यात मराठीतून झाली, आता स्पेनमधल्या सलामांकाला चार आठवड्यांचा कोर्स घेतलाय आणि क्लासवाले म्हणतात, आधी इंग्रजी पक्कं करा. अजिबात करू नका. मी बेळगावात स्पॅनिश शिकवतो आणि टिळकवाडीतल्या एका क्लासचालकांशी माझा याच मुद्द्यावर जुना वाद आहे. सलामांकातल्या वर्गात देशोदेशीची मुलं एकत्र बसतात, त्यामुळे शिकवणं पहिल्या तासापासून स्पॅनिशमधूनच चालतं. इंग्रजी येणाऱ्याला तिथे जादा काही मिळत नाही.

उलट भूतकाळात मराठीवालाच पुढे जातो. ‘फुई’ म्हणजे गेले, ‘इबा’ म्हणजे जायचे किंवा जात होते. इंग्रजीतून शिकणारा दोन्हीकडे ‘वेंट’ धरतो आणि महिनोन्‌महिने चाचपडतो. ‘लहानपणी दर रविवारी बाजारला जायचे, एकदा आजीबरोबर बेळगावला गेले’ हे वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘जायचे’च्या जागी इबा, ‘गेले’च्या जागी फुई. बहुतेक ठिकाणी अचूक बसतं. ‘मे गुस्ता’चंही तेच. आपण ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ म्हणतो, तसंच एका वस्तूला गुस्ता, अनेकांना गुस्तान. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं हे तर आपल्याला समजावून सांगावंच लागत नाही. नपुंसकलिंगी नामं नसल्यामुळे एक ओझं कमीच.

उच्चारांत त आणि द आपलेच, दातांवरचे. इंग्रजी वळणाचा ट-ड लावला की ऐकणारा कपाळाला आठ्या घालतो. ‘पेरो’तला एकेरी र आपल्या ‘मरण’मधला. दुहेरी र मात्र जीभ थरथरवून लांबवायचा, नाहीतर ‘कुत्रा’ म्हणायला जाल आणि ‘पण’ म्हणाल. सलामांकात थापातो म्हणजे बूट. यातला थ आपला नाही. जिभेचं टोक दातांत धरून हवा नुसती घासत सोडायची.

आपली खरी चूक आघातात होते. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’च्या आ वर जोर दिला तर ‘मी बोलते’, लो वर दिला तर ‘तो बोलला’. नियम असा: शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर. अपवाद असेल तिथे अक्षरावर तिरकी रेघ छापलेली असते. ती रेघ वहीत गाळलीत की बोलण्यातूनही जाते.

आता दिवस. वर्ग साधारण नऊ ते एक असतात. सुटल्यावर थेट प्लाथा मायोर या मुख्य चौकाशेजारच्या मेर्कादो सेंत्राल या मंडईत जा. तिथे रांग दिसत नाही, पण असते. ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण, असं विचारायचं आणि त्या माणसामागे आपला नंबर धरायचा. मग ‘पोंगामे मेदिओ किलो दे तोमातेस’. अर्धा किलोच मागा. रोज थोडं घेतलं की रोज बोलावं लागतं.

जेवण दोन ते साडेतीन. ‘मेनू देल दीआ’ मागा: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी. शाकाहारी असाल तर नुसतं ‘कार्ने’ म्हणजे मांस नको म्हणून भागत नाही, सॅलडमध्ये ट्यूना येतो आणि डाळीत डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’ म्हणजे मांस, मासे आणि हॅम काहीच खात नाही, असं तिन्ही सांगा. पाचपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, तो वेळ कासा दे लास कोंचासमध्ये घालवा. भिंतीवर तीनशेहून जास्त दगडी शिंपले असलेली ही इमारत आज सार्वजनिक वाचनालय आहे. जवळच 1218 साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक कोरलाय. तो स्वतः शोधू नका, लोकांना विचारून शोधा. संध्याकाळी प्लाथा मायोरच्या घड्याळाखाली लोक भेटतात, तिथे बसा. रात्री दहा ओळी भूतकाळात लिहा. राहायला स्पॅनिश कुटुंबच मागा, इंग्रजी बोलणारी खोलीसोबतीण नको.

बार्सिलोनाचा मोह होईल. तिथे पाट्यांवर आणि रस्त्यावर कातालान ही तिथली भाषाही असते. दोन भाषांच्या गावात वावरणं बेळगावकराला नवं नाही, पण चार आठवड्यांत एकच भाषा कानावर पडलेली बरी.

आता मराठी जिथे कामाला येत नाही तेही सांगतो. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हींना आपण ‘आहे’च म्हणतो, तिथे मराठीतून विचार केलात तर फसाल. आणि शब्दकोश स्पॅनिश-इंग्रजीच वापरावा लागेल, तेवढं इंग्रजी तुमच्याकडे आहेच की. पहिल्या दिवशी पातळी ठरवायची चाचणी असते, त्यात अंदाजाने खुणा करू नका. चुकून वरच्या वर्गात पडलात तर पहिला आठवडा वाया जातो.